लिखाण साठवायचं कुठे : फोल्डरातल्या फायली की डेटाबेस?

सांजवात (पेडणे) · सोमवार, रात्री ९.१२

धालो आणि फुगडी या गोव्यातल्या बायकांच्या नाचांची साधारण ४०० गीतं टाइप करून झाली आहेत. जोडीला पाठभेदांच्या टिपा, बारा लेख, थोडे फोटो. गीतं सगळी एका मोठ्या वर्ड फाइलमध्ये आहेत, टिपा एका नोट्सच्या अ‍ॅपमध्ये. काम करणारी तिघं : एक पेडण्यात, एक साखळीत, एक पणजीत. दोन लॅपटॉप विंडोजचे, एक लिनक्सचा, शिवाय फोन. पावसात लाइट केव्हाही जाते हे धरूनच चाला.

प्रश्न दोन. हे सगळं साध्या फायलींत ठेवावं की डेटाबेसवाल्या अ‍ॅपमध्ये? आणि बॅकअप घ्यायचा म्हणजे नेमकं काय उचलून ठेवायचं?

---

कुळागर (फोंडा) · सोमवार, रात्री १०.०५

दुसरा प्रश्न आधी घेऊ, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. पडद्यावर दिसणारा एक दस्तऐवज डिस्कवर किती तुकड्यांत असतो, हे कळल्याशिवाय कॉपी करण्यात अर्थ नाही.

वर्डची .डॉक्स फाइल ही खरं तर झिप आहे. मूळ फाइलला हात न लावता तिची एक प्रत काढा, तिचं शेपूट (नावातलं टिंबानंतरचं) .झिप करा आणि उघडा. आत ‘वर्ड’ नावाचा फोल्डर, त्यात ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल; तुमची चारशे गीतं या एका फाइलमध्ये आहेत. फोटो ‘मीडिया’ फोल्डरात, शैली वेगळ्या फाइलमध्ये. लिबरऑफिसची .ओडीटी हीसुद्धा झिपच, फक्त मजकुराच्या फाइलचं नाव ‘कंटेंट’. दोन्ही स्वरूपं आयएसओ प्रमाणित आहेत, म्हणजे उद्या वर्ड नसलं तरी वाचता येतात. २००७ च्या आधीची .डॉक मात्र वेगळ्या जातीची, बायनरी. ती अजून कुठे पडली असेल तर आत्ताच नव्या स्वरूपात सेव्ह करून ठेवा.

आता लाइटचं. एक मात्रा सुधारून सेव्ह केलंत तरी झिप पुन्हा अख्खी लिहिली जाते. शहाणं सॉफ्टवेअर आधी बाजूला तात्पुरती फाइल पूर्ण लिहितं आणि मग नाव बदलून जुनीच्या जागी बसवतं. त्यामुळे मध्येच लाइट गेली तर जुनी प्रत तरी शाबूत राहते. पेनड्राइव्हवरची फाइल थेट उघडून लिहिणाऱ्यांचं इथेच फसतं : पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटवर असतो, त्याला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नाही, नाव बदलण्याचं काम अर्धवट राहिलं तर सावरायला कोणी नाही.

झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. तो शेवट तुटला की वर्ड ‘फाइल खराब आहे’ म्हणून हात वर करतं, पण त्याआधीचा मजकूर बऱ्याचदा ठणठणीत असतो. लिनक्सच्या लॅपटॉपवर ‘झिप’ आज्ञेला दुरुस्तीचा पर्याय आहे (उणे चिन्ह आणि दोन कॅपिटल एफ). तो चालवून ‘डॉक्युमेंट’ ही एक्सएमएल बाहेर काढता येते. मात्र चारशे गीतांची एकच फाइल म्हणजे एका तारेवर अख्ख्या वाड्याची वीज. हे मोडाच.

वर्डची आपोआप सावरणारी प्रत दर १० मिनिटांनी निघते. फाइल, पर्याय, सेव्ह इथे जाऊन ती २ मिनिटांवर आणा. सतत होणारं ‘ऑटोसेव्ह’ हे वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवरच्या फायलींसाठी आहे. लॅपटॉपवरच्या फाइलला ते लागू नाही.

---

रापणकार (काणकोण) · मंगळवार, सकाळी ७.४०

कुळागरबाबांनी फायली मांडल्या, मी डेटाबेस घेतो.

नोट्सची बरीच अ‍ॅप्स एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस वापरतात. जॉप्लिन असो, बेअर असो की अ‍ॅपलचं नोट्स, आत एकच डेटाबेस फाइल आणि प्रत्येक टीप म्हणजे तक्त्यातली एक ओळ. याचा मोठा फायदा तुमच्याच कामाचा आहे : व्यवहार (एका वेळचं लिखाण) पुरा होतो किंवा अजिबात होत नाही. लिहिता लिहिता लाइट गेली तर पुढच्या वेळी उघडताना एसक्यूलाइट अर्धवट लिखाण ओळखून मागे घेतं. अर्धी टीप जुनी, अर्धी नवी असा प्रकार होत नाही. शोधही झटपट.

घोटाळा होतो तो कॉपी करताना. २०१० पासून एसक्यूलाइटमध्ये ‘डब्ल्यूएएल’ नावाची पद्धत आहे. नवं लिखाण मुख्य फाइलमध्ये न जाता आधी शेजारच्या फाइलमध्ये जातं. तिचं नाव मुख्य फाइलचंच, पुढे जोडचिन्ह आणि ‘वॉल’. तिसरी एक ‘एसएचएम’ शेपटाची असते. वॉलमध्ये सुमारे १००० पानं साठली की ती मुख्य फाइलमध्ये उतरवतात. पान ४०९६ बाइट्सचं, म्हणजे जवळजवळ ४ एमबी लिखाण बाहेर असू शकतं. देवनागरीत ४ एमबी म्हणजे तुमच्या सगळ्या टिपा! अ‍ॅप चालू असताना फक्त मुख्य फाइल उचलली तर बॅकअप उघडतो, तक्रार करत नाही, आणि गेल्या आठवड्याचं काम त्यात नसतं. बिघाड दिसत नाही म्हणूनच तो वाईट.

म्हणून :

- अ‍ॅप पूर्ण बंद करा, खालच्या पट्टीतल्या चिन्हासकट. नीट बंद झालं की वॉल फाइल नाहीशी होते. ती अजून दिसत असेल तर कोणीतरी डेटाबेस धरून बसलंय.
- बंद करता येत नसेल तर एसक्यूलाइटच्या आज्ञापटलावरून ‘व्हॅक्यूम इन्टू’ आणि नव्या फाइलचं नाव द्या. चालत्या डेटाबेसची एकसंध प्रत निघते. २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत आहे.
- मग त्या प्रतीवर ‘प्राग्मा इंटेग्रिटी चेक’ चालवा. उत्तर ‘ओके’ आलं तरच जुनी प्रत काढून टाका.

चित्रंही तपासा. जॉप्लिन टिपा डेटाबेसमध्ये ठेवतं, पण फोटो शेजारच्या ‘रिसोर्सेस’ फोल्डरात. नुसता डेटाबेस उचललात तर फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. त्यापेक्षा त्याच्याच निर्यातीतून जेईएक्स फाइल काढा, तिच्यात दोन्ही येतात.

आणखी एक : टीप खोडली म्हणून फाइल लहान होत नाही. रिकामी पानं तशीच राहतात आणि त्यांत खोडलेला मजकूरही बहुधा पडून असतो. चुकून खोडलं असेल तर बरंच. खाजगी काही खोडून डेटाबेस दुसऱ्याला दिला असेल तर नव्हे.

---

सांजवात · मंगळवार, सकाळी ८.२०

म्हणजे डेटाबेसची फाइल ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक फोल्डरातच ठेवली तर? तिघांना मिळेल आणि बॅकअपही आपोआप होईल.

---

रापणकार · मंगळवार, सकाळी ८.३१

नको. अजिबात नको.

---

कुळागर · मंगळवार, दुपारी १.१५

रापणकारबाबांच्या ‘नको’चं कारण : सिंक करणाऱ्याला मुख्य फाइल आणि वॉल यांचं नातं ठाऊक नसतं. तो एक आज चढवतो, दुसरी दहा मिनिटांनी. साखळीच्या लॅपटॉपवर नवी मुख्य फाइल आणि जुनी वॉल एकत्र आली की डेटाबेस खराब. दोघांनी एकाच वेळी उघडलं तर ‘विसंगत प्रत’ नावाची दुसरी फाइल तयार होते, आणि दोन डेटाबेस हातानं जुळवणं माणसाचं काम नव्हे. नेटवर्कवरच्या सामायिक ड्राइव्हवर तर डब्ल्यूएएल चालतच नाही. सिंक हवं तर अ‍ॅपचं स्वतःचं वापरा. जॉप्लिन प्रत्येक टीप वेगळी करून पाठवतं, डेटाबेस नाही.

स्क्रिव्हनर या लेखकांच्या सॉफ्टवेअरचं नावही कोणीतरी काढेलच. त्याचा प्रकल्प मॅकवर एक फाइल दिसतो, विंडोजवर खरं रूप दिसतं : तो फोल्डर आहे. प्रत्येक प्रकरणाचा मजकूर लांबलचक सांकेतिक नावाच्या उपफोल्डरात आरटीएफ या मजकुराच्या जुन्या स्वरूपात बसतो आणि कोणतं प्रकरण कुठल्या क्रमानं हे .स्क्रिव्हएक्स या एका फाइलमध्ये. ती हरवली तर मजकूर सगळा असतो, पण पानं सुटलेल्या पोथीसारखा. सिंक पुरतं होण्याआधी दुसरीकडे उघडलं की हेच होतं. त्याची झिप केलेली आपोआप प्रत घ्या आणि हवी तर ती सिंक फोल्डरात टाका.

आरटीएफची देवनागरीवाल्यांना आणखी एक खोच : त्यात आपली अक्षरं बहुधा आकड्यांत लिहिली जातात, ‘ग’ म्हणजे २३२७. फोल्डरात बाहेरून ‘गोवा’ शोधलंत तर एकही सापडणार नाही.

---

पातोळी (मडगाव) · मंगळवार, रात्री ८.५०

इतका खटाटोप कशाला? गूगल डॉक्स उघडा, तिघांनी एकत्र लिहा. सेव्हचं बटणच नाही, मागच्या आवृत्त्या बघता येतात.

---

कुळागर · मंगळवार, रात्री ९.३०

पातोळीबाय, तिघांनी एकाच गीतावर एकाच वेळी काम करायचं असेल तर त्याला तोड नाही, मान्य. तिथे दस्तऐवज म्हणजे बदलांची वही असते : कुठे काय घातलं, काय खोडलं याची नोंद. म्हणूनच मागे जाता येतं. पण तीन गोष्टी ठाऊक असू द्या.

लॅपटॉपवरच्या ड्राइव्ह फोल्डरात दिसणारी .जीडॉक ही तुमची फाइल नव्हे. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा : दोन-तीन ओळी, दस्तऐवजाचा क्रमांक, संपलं. अशा चारशे फायली पेनड्राइव्हवर घेतल्या म्हणजे चारशे पत्ते घेतले, घरं तिथेच. प्रत हवी तर गूगलच्या ‘टेकआउट’ या निर्यातीच्या सोयीतून डॉक्स म्हणून उतरवा.

ऑफलाइनची सोय आधी चालू करावी लागते, नेट गेल्यावर नाही. ते लिखाण ब्राउझरच्या पोटातल्या इंडेक्सडीबी या डेटाबेसमध्ये थांबतं. सिंक होण्याआधी कोणी ‘ब्राउझर साफ’ केला तर तेही साफ.

आणि एका डॉकला १०.२ लाख अक्षरांची मर्यादा आहे. मात्रा वेगळ्या मोजल्या जातात हे धरलं तरी तुम्ही तिथवर पोचणार नाही, पण एवढ्या लांब डॉकला फोन त्याआधीच धापा टाकतो.

---

खाजन (डिचोली) · बुधवार, सकाळी ११.०२

देवनागरीच्या खोडी अजून कोणी मांडल्या नाहीत, आणि तुमचं काम अडलं तर तिथेच अडेल.

फाइलचं नाव. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची रीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं, मात्रा आणि अनुस्वार वेगळे मोजून. ‘धालो’ म्हणजे ध, काना, ल, ओकार : १२ बाइट्स. लिनक्स आणि अँड्रॉइडवर नावाला २५५ बाइट्सची मर्यादा, ‘.एमडी’सारख्या शेपटाचे तीन वजा केले तर ८४ चिन्हं उरतात. विंडोज बाइट्स न मोजता २५५ चिन्हं धरतं. म्हणून गीताची पहिली ओळ पूर्ण नाव म्हणून दिली की ती विंडोजवर सेव्ह होते आणि फोनवर सिंक होताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडते. काही सिंकवाले तर न सांगताच तेवढी फाइल गाळतात.

‘ऱ्य’ हे दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. एका कळफलकावर ‘ऱ’ हे नुक्त्याचं अक्षर, हलन्त आणि य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे शब्द. एकीनं ‘वाऱ्यान’ एका तऱ्हेनं टाइप केलं आणि दुसरीनं दुसऱ्या, तर शोधात निम्मी गीतं गायब. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही, बदल स्वतः करावा लागतो. तिघांनी एकच कळफलक ठरवा आणि जुनं लिखाण शोधा-बदला करून एका तऱ्हेचं करून घ्या.

तिसरं डेटाबेसवाल्यांसाठी. एसक्यूलाइटच्या पूर्णमजकूर शोधाचा, म्हणजे एफटीएस५ चा, मूळचा शब्दतोड्या ‘युनिकोड६१’. तो फक्त अक्षरं आणि अंक हे शब्दाचा भाग मानतो. मात्रा, अनुस्वार, हलन्त म्हणजे त्याच्या लेखी शब्द संपला. ‘गोवा’चे तुकडे होतात ‘ग’ आणि ‘व’. ‘गाव’चेही तेच! म्हणून ‘गोवा’ शोधलं की गाव, गावी असलेली झाडून सगळी गीतं येतात. गंमत म्हणजे ‘गवा’ येत नाही, कारण त्यात ग आणि व यांच्यामध्ये मात्राच नाही. तो ‘गव’ असा एकच तुकडा राहतो. लोकगीतांत गाव नसलेलं गीत मिळायचं कठीण, तेव्हा निकाल काय येईल बघा.

तक्ता स्वतः बनवत असाल तर उपाय सोपा. शब्दतोड्याच्या ‘कॅटेगरीज’ पर्यायात युनिकोडच्या एल, एन आणि सीओ या चिन्हगटांच्या जोडीला एमएन व एमसी (मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचे गट) घाला. न दिसणारं जोडचिन्ह ठेवणार असाल तर सीएफ पण. तयार अ‍ॅपमध्ये हे तुमच्या हातात नसतं. निवडण्याआधी दोन टिपा लिहून ‘गोवा’ आणि ‘गाव’ शोधून बघा, दोन मिनिटांचं काम.

---

सांजवात · बुधवार, दुपारी ३.४५

शोधून बघितलं. ‘गोवा’ला १६३ टिपा आल्या 😐

---

वळेसर (म्हापसा) · बुधवार, रात्री १०.२०

लेखांपैकी काही जुन्या स्मरणिकांतून घेतले असतील तर फॉन्ट तपासा. सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या पद्धतीत फाइलच्या आत देवनागरी नसतेच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना आपल्या अक्षरांचा अंगरखा घालतो. फॉन्ट बदलून एरियल करा : कचरा दिसला तर जुनी पद्धत, देवनागरी राहिली तर युनिकोड. असा मजकूर फाइलमध्ये ठेवा की डेटाबेसमध्ये, दोन्हीकडे तो मुका.

रूपांतर करून घ्या, पण मूळ फाइल वेगळ्या फोल्डरात फक्त-वाचण्यासाठी ठेवा. रूपांतरक रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य’ यांत हमखास चुकतो. वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर; जोडाक्षर आलं की ती भलत्या अक्षरावर जाऊन बसते. ‘स्थिती’, ‘कार्य’, ‘दुसऱ्या’ एवढे तीन शब्द शोधलेत तरी रूपांतरकाची लायकी कळते.

---

कुळागर · गुरुवार, सकाळी ६.५५

आता पहिला प्रश्न. माझं मत : मूळ प्रत साध्या फायलींत, डेटाबेस फक्त शोधायला. ऑब्सिडियन असंच करतं. टिपा तुमच्या फोल्डरात मार्कडाउनच्या (शीर्षक, ठळक वगैरे साध्या चिन्हांनी दाखवणाऱ्या) साध्या फायली, आणि अनुक्रमणिका वेगळ्या डेटाबेसमध्ये, जी उडाली तर फायलींवरून पुन्हा बनते. उलटं झालं, म्हणजे डेटाबेस उडाला आणि फायलीच नव्हत्या, तर कशावरून बनवणार?

मांडणी अशी करा. एक गीत, एक फाइल. नाव ‘धालो-०४२’ एवढंच, अंक इंग्रजी (0 ते 9) आणि तिन्ही जागा भरून, नाहीतर १० हा २ च्या आधी लागतो. पहिली ओळ नावात नको, ती फाइलच्या आत शीर्षकात. अगदी वर, तीन-तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींच्या मध्ये माहिती : गाव, वाडा, मांड (धालो खेळायची जागा), गाणाऱ्यांचा गट, टिपल्याची तारीख, कुठल्या ध्वनिफितीवरून. पाठभेद त्याच फाइलमध्ये खाली, वेगळ्या अ‍ॅपमध्ये नव्हे. गीताची एक ओळ म्हणजे फाइलची एक ओळ.

आकार : एक गीत साधारण १२०० चिन्हांचं धरलं तर साडेतीन केबी. डिस्क ४ केबीच्या तुकड्यांत जागा देते, म्हणजे ४०० गीतांना १.६ एमबी. एका फोटोपेक्षा कमी. ध्वनिमुद्रणं मात्र वेगळी ठेवा. सीडीच्या दर्जाचं वेव्ह मिनिटाला १० एमबी खातं.

---

रापणकार · गुरुवार, सकाळी ९.१०

कुळागरबाबांशी नव्वद टक्के सहमत. उरलेले दहा टक्के : ‘पेडण्यातल्या मांडांवरची, शंभर ओळींहून मोठी, पाठभेद नसलेली गीतं’ असं काही विचारायचं असेल तर फायली कमी पडतात. तेव्हा वरच्या माहितीवरून एसक्यूलाइटचा तक्ता बनवा, पण त्यात कोणी हातानं लिहायचं नाही. दर वेळी खोडून फायलींवरून नवा.

तिघांच्या बदलांसाठी गिट, म्हणजे फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर. एका ओळीला एक ओळ ठेवल्यामुळे कोणी कुठला शब्द बदलला ते नेमकं दिसतं. डॉक्सवर गिट फक्त ‘बायनरी फाइल बदलली’ एवढंच म्हणतं. गिटमध्ये देवनागरी नावं उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे अशी दिसली तर घाबरू नका : ‘कोर कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ करा.

---

सांजवात · शुक्रवार, रात्री ९.४०

एका वर्ड फाइलच्या चारशे फायली हातानं करायच्या?

---

वळेसर · शुक्रवार, रात्री १०.०५

पॅनडॉक वापरा, ते एका स्वरूपाची फाइल दुसऱ्या स्वरूपात करून देतं. प्रत्येक गीताच्या नावाला वर्डमध्ये ‘हेडिंग १’ शैली हवी. डॉक्सचं मार्कडाउन करताना ‘रॅप’ पर्याय ‘नन’ ठेवा, नाहीतर ते ७२ व्या स्तंभाशी ओळी मोडतं आणि गीताच्या ओळींचा मेळ जातो. फोटोंसाठी ‘एक्स्ट्रॅक्ट मीडिया’. मग तयार फाइल जिथे जिथे ओळीच्या सुरुवातीला एकच हॅशचिन्ह आहे तिथे तोडायची; ही दहा ओळींची स्क्रिप्ट मी इथे टाकतो.

कडव्यात शिफ्ट-एंटरनं ओळ मोडली असेल तर पॅनडॉक प्रत्येक ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ घालतं. ती चूक नाही, सक्तीची ओळमोड आहे. नको असेल तर शोधा-बदला करून काढा, पण सगळं झाल्यावर.

---

सांजवात · शनिवार, सकाळी ११.३०

झालं. पण फायली ३९७ निघाल्या. यादीत ४०० आहेत.

---

वळेसर · शनिवार, सकाळी ११.५२

तीन गीतांचं नाव शैली न लावता नुसतं ठळक आणि मोठं केलेलं असणार. ती आधीच्या गीताच्या पोटात गेली आहेत. फायली आकारानं लावा, सर्वांत मोठ्या पाच-सहा उघडा, आणि अख्खी ओळ दोन तारांकनांच्या मध्ये दिसते का बघा.

---

सांजवात · शनिवार, दुपारी १२.१५

०८८, २१४ आणि ३०१ च्या पोटात सापडली. देव बरें करूं.